‘बद’ आणि ‘बॅड’ यांचं नातं काय?

फारसीत वाईटाला ‘बद’ म्हणतात, इंग्रजीत ‘बॅड’. उच्चार जवळपास तोच, अर्थ तर तंतोतंत तोच. तेव्हा दोन्ही शब्द एकाच मुळातून निघाले आणि ते मूळ अर्थातच संस्कृतात, असं सांगणारा मजकूर व्हॉट्सअ‍ॅपवर जोरात फिरतो आहे. बदनाम, बदमाश, बदफैली हे शब्द आपल्या रोजच्या तोंडातले. फारसी उपसर्गाला संस्कृत नाम जोडून आपण ‘बदलौकिक’ही केला. त्यामुळे वाचणाऱ्याला हे चटकन पटतं. पण या दोन शब्दांचा एकमेकांशी काडीचाही संबंध नाही. आणि तो नाही हे ज्या रीतीनं सिद्ध होतं, ती रीत मला माणसाच्या बुद्धीनं केलेल्या सर्वांत देखण्या कामांपैकी एक वाटते.

आजच्या फारसीच्या आधीची भाषा म्हणजे पहलवी. ससानी राजांच्या काळात, इ.स. २२४ ते ६५१ मध्ये, इराणचा कारभार तिच्यात चाले. पहलवीत हा शब्द ‘बद’ नाही, ‘वद’ आहे! पुढे नव्या फारसीत शब्दाच्या सुरुवातीच्या ‘व’चा ‘ब’ झाला, आणि तो या एकट्या शब्दात झाला नाही. ‘वाजार’चा बाजार झाला, ‘वफ्र’चा बर्फ झाला. वीस या अर्थाचा ‘वीस्त’ होता, त्याचा ‘बीस्त’ झाला. संस्कृत विंशति आणि आपला वीस यांनी मात्र ‘व’ सोडला नाही. ‘वहार’ म्हणजे वसंत ऋतू, त्याचा बहार झाला आणि मराठीत येऊन बहर. विदर्भातला संत्रा बागायतदार ‘यंदा आंबिया बहर धरला’ म्हणतो, तेव्हा त्याच्या तोंडी वसंत या शब्दाचाच इराणी भाऊबंद असतो.

नियमाला अपवाद दिसला तर त्या अपवादालाही नियम सापडतो. ‘व’नंतर ऱ्हस्व ‘इ’ असेल, तर फारसीत ‘ब’ न होता ‘ग’ झाला. पहलवीतला ‘विनाह’ म्हणजे पाप. त्याचं नव्या फारसीत झालं ‘गुनाह’, आणि आपल्याकडे गुन्हा. संस्कृतातला विनाश आणि पोलीस ठाण्यात नोंदवला जाणारा गुन्हा मुळात एक! मला इथे दर वेळी थांबावंसं वाटतं, कारण हे दोन शब्द नुसते कानाला लावून कुणालाही हे नातं सुचलं नसतं. १८७० च्या दशकात जर्मनीतल्या लाइपझिगच्या तरुण भाषाशास्त्रज्ञांनी हाच आग्रह धरला होता की ध्वनी लहर लागेल तसे बदलत नाहीत; एका भाषेत, एका काळात, सारख्या परिस्थितीत ते सगळ्या शब्दांत सारखेच बदलतात.

आता ही फूटपट्टी ‘बद’ला लावू. फारसीतला ‘ब’ दोन ठिकाणांहून येतो. एक मुळातला, म्हणजे संस्कृत, फारसी आणि इंग्रजी यांच्या सामाईक पूर्वज भाषेतला ‘भ’: संस्कृत भ्रातृ, फारसी बरादर, इंग्रजी ब्रदर. या घराण्यात इंग्रजीतही ‘ब’च मिळतो. दुसरा ‘व’पासून झालेला: संस्कृत वात म्हणजे वारा, पहलवी ‘वाद’, फारसी ‘बाद’, इंग्रजी विंड. या घराण्यात इंग्रजीत ‘व’ राहतो. ‘बद’ कुठल्या घराण्यातला? पहलवीत तो ‘वद’ होता, म्हणजे दुसऱ्या. मग त्याचा इंग्रजी नातलग असलाच तर त्याची सुरुवात ‘व’नं व्हायला हवी. बॅडची होत नाही. खटला इथेच संपतो.

इंग्रजीकडून पाहिलं तरी हेच दिसतं. जुन्या इंग्रजीत वाईटासाठी नेहमीचा शब्द होता तो आजच्या ‘इव्हिल’चा पूर्वज. बॅड लिखाणात दिसू लागतो तो १३ व्या शतकाच्या सुमारास. म्हणजे ससानी काळात कुणी दोन्ही भाषांची यादी शेजारी शेजारी मांडली असती, तर फारसीच्या रकान्यात ‘वद’ मिळाला असता आणि इंग्रजीच्या रकान्यात बॅड मिळालाच नसता.

रोमन लिपीतली ‘बॅड’ची हीच तीन अक्षरं जर्मन भाषेत गेली की अर्थ होतो स्नान. उच्चार ‘बाट’सारखा, आणि औषधी स्नानासाठी प्रसिद्ध असलेल्या गावांना ती पदवीसारखी नावाआधी लागतात: बाड होम्बुर्ग, बाड इश्ल. हा शब्द इंग्रजी ‘बाथ’चा सख्खा भाऊ आहे, कारण इंग्रजी ‘थ’समोर जर्मनमध्ये ‘ड’ येणं नियमानं घडतं: थ्री आणि ड्राय, ब्रदर आणि ब्रूडर. मराठीत तर घरातल्या घरात फसगत होते. बदली, बदल हे शब्द अरबी, बदनामी फारसी, बद्ध संस्कृत. तिघांची सुरुवात सारखी, मुळं तीन.

मग इतकं साम्य आलं कुठून? हिशेब करून बघा. व्यंजनांचे ढोबळ आठ गट करू. प, ब, व एका गटात, त, द, ड एका गटात, असे. स्वर सोडून देऊ, कारण हौशी व्युत्पत्तिकार ते सोडतातच. दोन व्यंजनांच्या शब्दाचे साचे झाले ८ × ८ = ६४. म्हणजे कुठल्याही दोन भाषांत एखाद्या अर्थाचे शब्द निव्वळ योगायोगानं जुळण्याची शक्यता ६४ त १. असे २०० नेहमीचे अर्थ घेतले, तर तीनेक जोड्या फुकटात मिळतात. अर्थातही सूट दिली, ‘वाईट’ऐवजी ‘काळा’, ‘रोगट’, ‘जुना’ चालवून घेतलं, की जोड्या दहाच्या वर जातात.

याचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण ऑस्ट्रेलियातलं. क्वीन्सलंडमधली मबाबरम ही भाषा नामशेष होण्याच्या बेतात असताना, १९६० च्या दशकात, आर. एम. डब्ल्यू. डिक्सन हे भाषाशास्त्रज्ञ ती जाणणाऱ्या अल्बर्ट बेनेट यांना भेटले. कुत्र्याला तुमच्या भाषेत काय म्हणतात? उत्तर आलं, ‘डॉग’. इंग्रजीतून उसना घेतलेला शब्द असेल असं वाटणं साहजिक होतं, पण तो नव्हता. शेजारच्या यिदिन्य भाषेत कुत्रा म्हणजे ‘गुदगा’. मबाबरममध्ये सुरुवातीच्या ‘ग’नं पुढच्या ‘अ’ला ‘ऑ’कडे वळवलं, मग तो ‘ग’ त्याच्या ‘उ’सकट गळाला, शेवटचा ‘आ’ही गळाला, आणि उरला ‘डॉग’. हे टप्पे त्या भाषेच्या इतर शब्दांतही दिसतात.

व्हॅटिकन म्हणजे वाटिका, अमुक देश म्हणजे तमुक ऋषी, अशी पत्रकं छातीठोकपणे वाटणाऱ्यांनी असा एक तरी टप्पा दाखवावा. संस्कृतचा मान त्यानं वाढत नाही. उलट तिची खरी, जगभर पसरलेली नाती झाकली जातात. चक्र आणि इंग्रजी ‘व्हील’ घ्या. कानाला काहीच जुळत नाही, तरी दोन्ही एकाच शब्दाचे वंशज आहेत. मूळ शब्दात ‘क्व’ दोनदा होता. संस्कृतात पहिल्याचा पुढच्या स्वरामुळे ‘च’ झाला, दुसऱ्याचा ‘क’ राहिला. इंग्रजीच्या पूर्वज भाषेत ‘क्व’चा ‘ह्व’ झाला. फारसीत त्याच मूळ शब्दाचा ‘चर्ख’ झाला, ज्यावरून आपला चरखा आला. आणि ‘क’समोर ‘ह्व’ ही जोडी एकट्या चाकापुरती नाही: मराठी ‘कोण’समोर इंग्रजी ‘हू’ आहे, ‘काय’समोर ‘व्हॉट’.