उरलेली गाठ की सलाईनची चमक?

मेंदूतली गाठ काढताना सर्जन मध्येच थांबतात, झालेल्या पोकळीत सलाईन भरतात आणि अल्ट्रासाउंडचा प्रोब लावून आत काही उरलंय का ते बघतात. ग्लायोमा, म्हणजे मेंदूतल्या गाठीचा एक प्रकार, अल्ट्रासाउंडवर बहुधा आसपासच्या मेंदूपेक्षा पांढरा दिसतो. पंचाईत अशी की पोकळीच्या तळाशी दिसणारा पांढरा पट्टा म्हणजे गाठच असेल असं नाही. तो मशीनची करामतही असू शकतो. गाठीला चमक समजून थांबलं तर गाठ मागे राहते. चमकेला गाठ समजून पुढे गेलं तर चांगला मेंदू जातो, आणि नेमकं तिथेच बोलण्याचं केंद्र असलं तर काय, हे सांगायला नको.

ही चमक येते कुठून? मेंदूतून जाताना ध्वनिलहरी क्षीण होतात. म्हणून प्रतिध्वनी जितक्या खोलवरून येतो, तितका मशीन तो वाढवून दाखवतं. सलाईनमध्ये मात्र लहरी जवळजवळ क्षीण होतच नाहीत. साधा हिशेब करू. पोकळी 3 सेंमी खोल, म्हणजे जाऊन-येऊन 6 सेंमी. लहर 8 मेगाहर्ट्झची. ऊतीत दर सेंमीला, दर मेगाहर्ट्झमागे साधारण अर्धा डेसिबल घट धरली, तर एकूण 24 डेसिबल, म्हणजे ऊर्जेत सुमारे 250 पट. न झालेल्या नुकसानीची एवढी भरपाई मिळाल्यावर तळ झगझगणारच.

मग भरपाईच कमी का करू नये? कारण ती फक्त खोलीवर ठरते. वाटेत सलाईन आहे की मेंदू, हे तिला कळत नाही. ती कमी केली की पोकळीच्या शेजारचा, तेवढ्याच खोलीवरचा मेंदू काळा पडतो.

फरक ओळखायचा तर प्रोब हलवून बघावा लागतो. चमक पोकळीच्या पलीकडे, प्रोबच्या समोर पडते, बाजूच्या भिंतींवर सहसा नाही. कोन बदलला की तीही सरकते. लहान प्रोब पोकळीत उतरवून भिंतीजवळ नेला की वाटेतलं सलाईन घटतं आणि चमक ओसरते. गाठ कोणत्याही कोनातून जागच्या जागी राहते, बहुधा ओबडधोबड असते आणि ऑपरेशनच्या सुरुवातीला घेतलेल्या चित्राशी जुळते. ते पहिलं चित्र घाईत उरकणं मला तरी परवडणारं वाटत नाही. नवी मुंबईत खारघरला, टाटा मेमोरियलच्या अ‍ॅक्ट्रेक या कर्करोग केंद्रात, नेव्हिगेशनला (मेंदूतली नेमकी जागा दाखवणाऱ्या यंत्रणेला) जोडलेला त्रिमितीय अल्ट्रासाउंड वापरला जातो. तिथे असं जुनं-नवं चित्र शेजारी ठेवून बघता येतं.

नॉर्वेतल्या ट्रॉन्डहाइमच्या गटाने मुळावरच घाव घातला: सलाईनऐवजी, मेंदूइतक्याच प्रमाणात ध्वनी क्षीण करणारा द्रव पोकळीत भरायचा. माणसांवरच्या त्याच्या पहिल्या चाचणीचा अहवाल 2019 मध्ये आला. सॉफ्टवेअरने चित्र सारवण्यापेक्षा हा उपाय मला जास्त पटतो, कारण मशीनचं गृहीतकच त्यात खरं होतं. अर्थात साकळलेलं रक्त आणि रक्त थांबवायला ठेवलेली जाळी हीसुद्धा पांढरी दिसतात, आणि त्यांच्यावर या द्रवाचा काही इलाज नाही.