धडधडीच्या वेळचा ईसीजी जपून ठेवा
(सांगलीतील आमच्या ईसीजी व होल्टर केंद्राकडून रुग्ण आणि नातेवाइकांसाठी)

पूर्वी हार्ट ॲटॅक येऊन गेलेल्या माणसाला एके दिवशी अचानक जोरात धडधडू लागतं, डोळ्यांपुढे अंधारी येते. घरचे म्हणतात, पित्त झालं असेल. जत, कवठेमहांकाळ, तासगावकडच्या मंडळींकडून हे आम्ही वरचेवर ऐकतो. कृपया असं समजू नका. ही धडधड हृदयाच्या खालच्या कप्प्यांतून येत असेल, तर ती जिवावर बेतू शकते. डॉक्टर तिला व्हीटी (व्हेंट्रिक्युलर टॅकिकार्डिया) म्हणतात.

ॲटॅकमध्ये स्नायूचा जो भाग मरतो तिथे व्रण तयार होतो. पण तो सलग नसतो. त्यात जिवंत तंतूंच्या बारीक वाटा उरलेल्या असतात आणि त्यांतून हृदयाचे ठोके पाडणारी वीज फार सावकाश सरकते. ती पलीकडे बाहेर पडेपर्यंत आजूबाजूचा स्नायू पुढच्या ठोक्याला तयार झालेला असतो, म्हणून ती वळून पुन्हा त्याच वाटेत शिरते. गुऱ्हाळात चरकाभोवती बैल फिरावा तशी ती व्रणाभोवती फिरत राहते. प्रत्येक फेरीला एक ठोका. मिनिटाला दीडशे-दोनशे ठोके पडू लागले की हृदयाला रक्त भरून घ्यायला सवडच मिळत नाही.

आयसीडी हे शरीरात बसवलेलं यंत्र शॉक देऊन जीव वाचवतं, पण ती वाट बंद करत नाही. औषधांनी धडधडीचे झटके कमी होतात. मात्र ॲमिओडॅरोन हे औषध चालू असेल तर थायरॉइड आणि फुप्फुसांवर लक्ष ठेवावं लागतं. तरीही झटके येतच राहिले, तर मॅपिंग (विजेच्या वाटेचा नकाशा काढणं) आणि ॲब्लेशन (ती वाट बंद करणं) यांचा विचार होतो.

जांघेतल्या रक्तवाहिनीतून कॅथेटर, म्हणजे बारीक लवचीक नळी, हृदयात नेतात. त्याचं टोक भिंतीला जागोजागी टेकवून तिथली वीज मोजतात आणि संगणक त्याचा रंगीत त्रिमितीय नकाशा काढतो. साधारणपणे 1.5 मिलिव्होल्टच्या वर निरोगी स्नायू आणि 0.5 च्या खाली दाट व्रण धरतात. विजेची वाट बरेचदा या दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात किंवा व्रणाच्या आतच सापडते. तिथे रेडिओ लहरींच्या उष्णतेने काही मिलिमीटर भाग निकामी करतात. 1970 च्या दशकाच्या अखेरीस फिलाडेल्फियात डॉक्टर मार्क जोसेफसन यांनी कॅथेटरने हृदयातल्या विजेचे नकाशे काढले, तेव्हा व्रण काढायला छाती उघडावी लागे. आज बहुतेकांचं काम जांघेतूनच होतं.

आता आमचा मुद्दा. मॅपिंगच्या टेबलावर व्हीटी मुद्दाम सुरू करून पाहतात. कधी ती सुरूच होत नाही, कधी भलतीच सुरू होते, कधी रक्तदाब इतका घसरतो की लगेच थांबवावी लागते. अशा वेळी डॉक्टर एकेका जागेवरून हृदयाला कृत्रिम ठोके देतात आणि उमटणारा ईसीजी तुमच्या मूळ धडधडीच्या ईसीजीशी ताडून पाहतात. बाराही लीड (हृदयाची वीज वेगवेगळ्या बाजूंनी टिपणाऱ्या ईसीजीच्या बारा रेषा) जुळले, तर वाटेचं तोंड जवळ आलं. ताडायला मूळ पट्टीच नसेल, तर हा मोठा आधार जातो. गावच्या दवाखान्यात धडधड चालू असताना काढलेला तो कागद म्हणूनच अनमोल आहे.

ही पट्टी थर्मल कागदाची असते. उन्हाने, उष्णतेने ती पुसट होते आणि लॅमिनेशन केलं तर काळी पडते. त्याच दिवशी झेरॉक्स काढा, मोबाइलवर फोटो घ्या. आमच्याकडे आणलीत तर स्कॅन करून देऊ. होल्टरमध्ये (दिवसभर अंगावर लावून ठोके नोंदवणाऱ्या यंत्रात) झटका सापडला तर आनंदच आहे, पण बहुतेक होल्टरना दोन-तीनच लीड असतात. त्यावरून जागा नीट कळत नाही.

ॲब्लेशनला धोका नाही असं आम्ही सांगणार नाही. जांघेत रक्तस्राव, हृदयाभोवती रक्त साठणं, क्वचित पक्षाघात होऊ शकतो. झटके पुन्हाही येऊ शकतात, म्हणून आयसीडी बहुधा ठेवावाच लागतो. पुण्या-मुंबईला इलेक्ट्रोफिजिओलॉजिस्टकडे (हृदयाच्या विजेच्या तज्ज्ञ डॉक्टरकडे) जाताना ती पट्टी, जुने ईसीजी, इको, अँजिओग्राफीची सीडी, आयसीडीचं कार्ड आणि चालू औषधांची चिठ्ठी सोबत घ्या.

धडधडीबरोबर चक्कर किंवा छातीत दुखणं असेल, तर आमच्याकडे येण्यात वेळ घालवू नका, स्वतः गाडीही चालवू नका. 108 ला फोन करा.