गहाणकर्जावरचा घसघशीत लाभांश: सिगारच्या कायद्यापासून महिन्याच्या बारा सेंटपर्यंत

न्यू जर्सीत राहणाऱ्या माझ्या मामेभावाने मध्यंतरी त्याच्या खात्यावरची एक नोंद दाखवली. एजीएनसी नावाच्या, गहाणकर्जांत पैसे गुंतवणाऱ्या अमेरिकन कंपनीचे 100 शेअर, दर महिन्याला शेअरमागे 12 सेंट, म्हणजे महिन्याला 12 डॉलर. शेअरचा भाव दहा डॉलरच्या आसपास. वर्षाचा हिशेब केला तर परतावा चौदा टक्क्यांच्या घरात जातो. त्याने विचारलं, "दादा, हे पेन्शनसारखंच झालं ना?" मी त्याला लगेच हो म्हटलं नाही. एवढा लाभांश का मिळतो, हे कळायला साठ-पासष्ट वर्षं मागे जावं लागतं.

अमेरिकेत मॅसॅच्युसेट्स राज्यात विश्वस्तांमार्फत मालमत्ता सांभाळण्याची जुनी पद्धत होती. 1935 साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने अशा व्यावसायिक ट्रस्टवर कंपनीसारखाच कर लागेल असा निकाल दिला आणि या पद्धतीतला करलाभ संपला. तो परत आला 14 सप्टेंबर 1960 रोजी. राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर यांनी त्या दिवशी सही केलेला कायदा मुळात सिगारवरच्या अबकारी कराबद्दलचा होता. त्यालाच जोडून रीटची, म्हणजे लोकांचा पैसा जमवून तो स्थावर मालमत्तेत गुंतवणाऱ्या कंपनीची, तरतूद मंजूर झाली. सामान्य माणसाला थोड्या पैशात मोठ्या इमारतींच्या उत्पन्नात वाटा मिळावा, हा हेतू. अट अशी की करपात्र उत्पन्नाचा 90 टक्के भाग भागधारकांना वाटायचा. तो वाटला की वाटलेल्या रकमेवर कंपनीला आयकर नाही. पुढे काही वर्षं ही अट 95 टक्के होती, 2001 पासून ती पुन्हा 90 वर आली.

म्हणजे लाभांश मोठा असतो तो आधी कायद्यामुळे. त्यात कंपनीचं औदार्य शोधू नये. याच कायद्याने भाड्याबरोबर गहाणकर्जाचं व्याजही रीटचं उत्पन्न मानलं. त्यामुळे एकही इमारत विकत न घेता फक्त स्थावर मालमत्तेवर कर्ज देणारी रीट उभी राहू शकली.

तिचा पहिला बहर 1960 च्या दशकाच्या अखेरीस आला. तेव्हा बँकांच्या ठेवींवरच्या व्याजाला सरकारी मर्यादा होती. बाजारातले दर वर गेले की ठेवी काढल्या जात आणि बिल्डरांना द्यायला बँकांकडे पैसा उरत नसे. ही पोकळी रीटने भरली. शेअर विकून आणि अल्पमुदतीचं कर्ज उचलून त्या बांधकामाला पैसे देऊ लागल्या. मोठमोठ्या बँकांनी आपल्या नावाच्या रीट काढल्या. 1970 ची चेस मॅनहॅटन बँकेची रीट त्यातलीच. मग तेलसंकट आलं, 1974 मध्ये बँकांचा प्राइम दर, म्हणजे उत्तम पत असलेल्या ग्राहकांना लावायचा कर्जाचा दर, 12 टक्क्यांपर्यंत चढला, अर्धवट इमारती तशाच उभ्या राहिल्या आणि कर्जं थकली. चेसच्या रीटने 1979 मध्ये दिवाळखोरीचा अर्ज केला. बँकेचं नाव पाहून पैसे घातलेल्या माणसांचं मला आजही वाईट वाटतं. पाटीवर नाव बँकेचं होतं, पण त्यांचा पैसा ठेव नव्हता.

पुढच्या पिढीने बिल्डर सोडले आणि कर्जरोखे धरले. 1970 मध्ये जिनी मे या सरकारी संस्थेच्या हमीने घरकर्जांचे गठ्ठे बांधलेले पहिले रोखे निघाले. पुढे फ्रेडी मॅक आणि फॅनी मे या घरकर्जांना हमी देणाऱ्या संस्थांचेही आले. या रोख्यांत घरमालकाने हप्ता चुकवला तरी हमीदार पैसे देतो. 1997 मध्ये शेअर बाजारात आलेली ॲनाली आणि 2008 मध्ये आलेली एजीएनसी या मुख्यतः अशाच रोख्यांवर चालतात.

यातला हिशेब कागदावर मांडून पाहण्यासारखा आहे. समजा कंपनीकडे भागधारकांचे 100 रुपये आहेत. रोखे तारण ठेवून ती रेपो बाजारातून, म्हणजे अशा अल्पमुदतीच्या उसनवारीच्या बाजारातून, आणखी 700 उचलते आणि 800 चे रोखे घेते. रोख्यांवर साडेपाच टक्के मिळतात, म्हणजे 44 रुपये. उसन्या पैशावर साडेचार टक्के जातात, म्हणजे साडेएकतीस. उरले साडेबारा, आणि तेही मूळ शंभरावर. आता उसन्याचा दर फक्त एक टक्का वाढवा. सात रुपये जास्त जातात, हाती साडेपाच उरतात. दर वाढल्यामुळे रोख्यांचा भाव पाच टक्के पडला तर शंभरातले चाळीस गेले. तारण कमी पडलं की सावकार आणखी पैसे मागतो, आणि नसतील तर रोखे पडत्या भावात विकावे लागतात. दर उतरले तरी सुटका नाही. घरमालक जुनं कर्ज फेडून स्वस्तात नवं घेतात आणि चांगल्या व्याजाचे रोखे हातातून जातात.

2007-09 च्या पडझडीत हमी नसलेल्या कर्जांवर उभ्या असलेल्या कंपन्या आधी कोसळल्या. न्यू सेंच्युरी एप्रिल 2007 मध्ये, अमेरिकन होम मॉर्गेज त्याच ऑगस्टमध्ये, थॉर्नबर्ग 2009 मध्ये. थॉर्नबर्गचे कर्जदार तर बऱ्यापैकी पत असलेले होते. तिला तारणाच्या मागण्यांनी बुडवलं. मार्च 2020 मध्ये हेच पुन्हा दिसलं आणि अनेक रीटनी लाभांश कापला किंवा थांबवला. 2022 च्या सुरुवातीला शून्याजवळ असलेला फेडचा, म्हणजे अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेचा, दर जुलै 2023 पर्यंत सव्वापाच ते साडेपाच टक्क्यांवर गेला. ॲनालीने 2023 मध्ये तिमाही लाभांश 88 सेंटवरून 65 वर आणला.

मामेभावाच्या एजीएनसीचंही पाहा. 2012 मध्ये ती तिमाहीला सव्वा डॉलर देत होती, वर्षाला पाच. आता वर्षाला एक डॉलर 44 सेंट. या काळात शेअरचा भावही एक तृतीयांशाच्या आसपास आला, म्हणून टक्केवारी अजून तेवढीच घसघशीत दिसते.

भारतात गहाणकर्जावर चालणारी अशी रीट नाही. सेबीच्या 2014 च्या नियमांनुसार रीटला 80 टक्के पैसा पूर्ण झालेल्या, भाडं देणाऱ्या मालमत्तेत ठेवावा लागतो. 2019 मध्ये बाजारात आलेली पहिली रीट, एम्बसी, ऑफिसांच्या भाड्यावर चालते. घरकर्जाचं काम आपल्याकडे बँका आणि गृहवित्त कंपन्या करतात. 1977 मध्ये ह. ठा. पारेख यांनी मुंबईत उभी केलेली एचडीएफसी ही त्यातली मोठी होती; 2023 मध्ये ती एचडीएफसी बँकेत विलीन झाली. नफ्याचा बहुतेक भाग वाटून टाकायची सक्ती या कंपन्यांवर नाही. इथून कुणाला अमेरिकेतले ते शेअर घ्यायचेच असतील तर रिझर्व्ह बँकेच्या योजनेतून वर्षाला अडीच लाख डॉलरपर्यंत पाठवता येतात, पण लाभांशावर तिथे 25 टक्के कर आधीच कापला जातो. मामेभावाच्या हाती पडलेले बारा डॉलर इथे नऊ झाले असते.