भुवई ओघळणे

भुवई आपल्या नेहमीच्या जागेवरून खाली सरकून डोळ्यावर उतरते, त्या अवस्थेला भुवई ओघळणे म्हणतात. डोळ्याच्या खाचेची वरची हाडाची कड बोटाने चाचपता येते. पुरुषांची भुवई साधारण या कडेवर असते, स्त्रियांची थोडी वर आणि कमानदार. ती उतरली की डोळा बारीक, थकलेला किंवा रागावलेला दिसतो. तक्रार घेऊन आलेला माणूस मात्र भुवईचे नाव क्वचितच काढतो. ‘पापण्या जड झाल्यात’ असेच तो सांगतो, आणि निदान चुकते ते इथेच.

भुवई वर उचलणारा स्नायू एकच, कपाळाचा. खाली ओढणारे मात्र अनेक: दोन भुवयांमध्ये आठ्या पाडणारे स्नायू आणि डोळ्याभोवतीचा गोल स्नायू. कपाळाचा स्नायू कानशिलापर्यंत पोहोचत नाही, त्यामुळे भुवईच्या बाहेरच्या टोकाला वरून आधारच नसतो. वयाबरोबर कातडी सैल होते, खालची चरबी झिजते आणि हे टोक आधी लोंबते. ऊन आणि धूम्रपान यांनी कातडीची झीज लवकर होते. एकाच बाजूची भुवई अचानक उतरली तर कारण बहुधा चेहऱ्याच्या मज्जातंतूत असते. तोंड वाकडे होण्याच्या बेल्स पाल्सीत त्या बाजूच्या कपाळावर आठी पडत नाही. मेंदूच्या पक्षाघातात कपाळ सहसा वाचते, म्हणजे आठी पडते. तरीही अशा वेळी घरी अंदाज बांधत न बसता तातडीने रुग्णालय गाठावे. कपाळावरच्या सुरकुत्यांसाठी बोटॉक्स, म्हणजे स्नायू काही काळ ढिले करणारे औषध, फार खाली टोचले गेले, तरीही भुवई उतरते; औषधाचा असर संपला की ती पूर्ववत होते.

तपासणी साधी आहे. आरशासमोर डोळे मिटून कपाळ सैल सोडायचे, मग कपाळ न उचलता डोळे उघडायचे. आता बोटाने भुवई हाडाच्या कडेपर्यंत वर धरायची. पापणीवरची घडी नाहीशी झाली तर दोष भुवईचा. कातडी तरीही लोंबत राहिली तर पापणीचीही कातडी वाढलेली आहे, आणि पापणीची कडच बुबुळावर उतरलेली असेल तर ती पापणी उचलणाऱ्या स्नायूची वेगळी व्याधी. जुने फोटो जवळ असले तर तुलना सोपी जाते. हा फरक न ओळखता नुसती पापणीची जादा कातडी काढली, तर पाहण्यासाठी कपाळ सतत ताणून धरण्याची गरज उरत नाही, ते सैलावते आणि भुवई आणखी खाली येते.

सौम्य ओघळीवर बोटॉक्स चालते. ते खाली ओढणाऱ्या स्नायूंना ढिले करते. भुवईचे टोक एखाद-दोन मिलिमीटर वर येते आणि परिणाम तीन-चार महिने टिकतो. व्हँकुव्हरच्या जीन आणि अ‍ॅलिस्टर कॅरुथर्स या डॉक्टर दांपत्याने 1992 मध्ये या औषधाचा सौंदर्योपचारातला वापर प्रसिद्ध केला. अमेरिकेत आठ्यांसाठी त्याला 2002 मध्ये मान्यता मिळाली. गरोदर आणि अंगावर पाजणाऱ्या स्त्रियांना ते देत नाहीत. फिलरने, म्हणजे कातडीखाली टोचायच्या भरावाने, झिजलेली जागा भरता येते, पण ते चुकून रक्तवाहिनीत गेले तर दृष्टी जाण्याचा धोका असतो. म्हणून पार्लरमध्ये ते घेऊ नये, हे ठासून सांगायला हवे. कातडीखाली धागे घालून उचललेली भुवई फार काळ टिकत नाही. थ्रेडिंगने भुवईचा आकार बदलतो, जागा नाही.

जास्त ओघळीवर शस्त्रक्रियाच. दुर्बिणीच्या पद्धतीत केसांमागे काही लहान छेद घेऊन कपाळाची कातडी हाडापासून सोडवतात आणि वर बसवतात. कानापासून कानापर्यंत छेद घेण्याची जुनी पद्धत परिणामकारक, पण तिने कपाळ उंच दिसू लागते आणि डोक्याची कातडी बधिर होऊ शकते. टक्कल असलेल्यांना ती मानवत नाही. भुवईच्या लगेच वरून कातडीची पट्टी काढण्याच्या पद्धतीत व्रण दिसतो, मात्र उचल भरवशाची मिळते. दाट भुवयांच्या वृद्धांना आणि चेहऱ्याचा लकवा झालेल्यांना ती सोयीची. लकव्यात डोळा पूर्ण मिटत नसेल तर भुवई मुद्दाम कमीच उचलतात, नाहीतर झोपेत बुबुळ उघडे राहून कोरडे पडते.