पाळी गेली, आता कोलेस्टेरॉल बघा

डिसेंबरातल्या मध्यरात्री बेळगावात गोधडीबाहेर पाय काढायची हिंमत होत नाही. अशा थंडीत सत्तेचाळिशीची बाई एकदम उठून बसते. मानेवरून घाम निथळतो, छाती धडधडते, पाचेक मिनिटांत सगळं ओसरतं आणि मग उलट हुडहुडी भरते. सकाळी चुलीपाशी ती जावेला सांगते, "अंगातनं वाफा आल्यागत हुतंय." जाऊ म्हणते, "माझंबी तसंच हुतंय, वय झालं की आता." विषय तिथेच मिटतो.

या वाफा कुठून येतात, हे आता बऱ्यापैकी उलगडलं आहे. मेंदूच्या तळाशी हायपोथॅलॅमस नावाचा भाग असतो. शरीराचं तापमान राखणारं केंद्र त्यातच आहे, आणि जवळच चेतापेशींचा एक छोटा गट आहे. अंडाशयात तयार होणारं इस्ट्रोजेन हे हार्मोन या गटाला आवरून धरतं. पाळी जायच्या सुमारास अंडाशय थकले, इस्ट्रोजेन उतरलं, की या पेशी मोकाट सुटतात, आकारानेही वाढतात आणि न्यूरोकायनिन-बी नावाच्या रसायनाच्या मार्फत तापमानकेंद्राला डिवचत राहतात. गिझरचा थर्मोस्टॅट बिघडावा तसं ते केंद्र जराशा उष्णतेलाही 'फार तापलं' समजतं. मग त्वचेतल्या रक्तवाहिन्या उघडतात, घाम फुटतो, शरीर खरोखरच गार पडतं. नंतरची हुडहुडी त्यामुळेच. याच रसायनाची वाट अडवणारं फेझोलिनेटंट नावाचं औषध अमेरिकेत २०२३ मध्ये मंजूर झालं. तिथल्याच 'स्वान' या दीर्घ पाहणीत, वारंवार वाफा येणाऱ्या बायकांना त्या साधारण सात वर्षं पुरल्या असं दिसलं. तेव्हा 'दोन-चार महिन्यांत जाईल' हा शेजारणीचा दिलासा फारसा खरा नाही.

वाफांबद्दल जावाजावांत बोलणं तरी होतं. त्याच सुमारास रक्तात जे घडतं त्याचा ना घाम येतो ना धडधड होते, त्यामुळे त्याची चर्चा कुठल्याच हळदीकुंकवाला होत नाही. 'स्वान' पाहणीतच दिसलं की शेवटच्या पाळीच्या आगेमागे वर्षभरात एलडीएल, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचणारं कोलेस्टेरॉल, एकदम वर जातं. वयाबरोबर हळूहळू चढतं तशी ही चढण नाही. ती पाळीला चिकटून येते. कारण एलडीएल रक्तातून उचलून घेण्याचं काम यकृत करतं, आणि त्यासाठी यकृताच्या पेशींवर लागणारे ग्राही (रिसेप्टर) टिकवून ठेवायला इस्ट्रोजेनची मदत असते. रक्तवाहिन्यांचं अस्तर नायट्रिक ऑक्साइड सोडून वाहिनी सैल ठेवतं, तिथेही इस्ट्रोजेनचा हात असतो. ते गेलं की वाहिन्या ताठर होऊ लागतात, रक्तदाब चढतो आणि मांड्यांवर साठणारी चरबी पोटाकडे सरकते. 'खाणं तेवढंच, पण पोट सुटलं' ही तक्रार खोटी नसते.

अमेरिकेतल्या फ्रॅमिंगहॅम गावात १९४८ पासून चाललेल्या हृदयाच्या अभ्यासाने १९७० च्या दशकातच दाखवलं होतं की एकाच वयाच्या दोन बायकांपैकी जिची पाळी गेली आहे तिला हृदयविकाराचा धोका जास्त. आता आपल्याकडचा हिशेब बघा. पाश्चात्त्य देशांत पाळी सरासरी एक्कावन्नाव्या वर्षी जाते, भारतात सेहेचाळीस-सत्तेचाळीसलाच. म्हणजे इस्ट्रोजेनचं संरक्षण आपल्या बायकांना चार-पाच वर्षं कमी मिळतं.

ज्यांची पिशवी काढली आहे त्यांची गोष्ट आणखी वेगळी, आणि आपल्या भागात हा विषय दबक्या आवाजातच होतो. अंगावरून फार जातं, कंबर धरते, पांढरं जातं; मुलं झालेली असतात; कुणीतरी सांगतं, "पिशवी खराब झाल्या, काढून टाक, कटकट मिटंल." चाळिशीच्या आतही ऑपरेशन होतं. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१५-१६) देशातल्या १५ ते ४९ वयाच्या सुमारे ३ टक्के बायकांची पिशवी काढलेली आढळली. काहींना ते खरंच लागतं. पण गाठी आणि जास्त रक्तस्राव यांवर बऱ्याचदा गोळ्या किंवा गर्भाशयात बसवायचं हार्मोनचं साधन यांनीही भागतं, आणि एवढं विचारायचा हक्क बाईला आहे.

खरा प्रश्न पुढचा. पिशवी म्हणजे गर्भाशय. इस्ट्रोजेन तयार करतात ते शेजारचे अंडाशय. ऑपरेशनमध्ये ते ठेवले की काढले? ज्यांचं ऑपरेशन झालंय त्यांना हे विचारा, बहुतेकींना माहीत नसतं. दोन्ही अंडाशय गेले तर इस्ट्रोजेन हळूहळू उतरत नाही, एका दिवसात कोसळतं. पंचेचाळिशीच्या आत असं झालं तर हृदयविकार आणि हाडं ठिसूळ होणं, दोन्हींचा धोका वाढतो. त्यामुळे अशा बाईला दुसरी अडचण नसेल तर पाळी जाण्याच्या नैसर्गिक वयापर्यंत हार्मोन द्यावेत, असा डॉक्टरांचा सर्वसाधारण सल्ला असतो. अंडाशय ठेवले तरी पिशवी गेल्यावर ते थोडे आधीच थकतात, आणि पाळीच नसल्याने ते कधी थकले हे कळतही नाही. तेव्हा ट्रंकेत जपून ठेवलेलं डिस्चार्ज कार्ड काढा. त्यावर इंग्रजीत काय काय काढलं ते लिहिलेलं असतं. कॉलेजात जाणाऱ्या पोरीकडून वाचून घ्या किंवा पुढच्या खेपेला डॉक्टरांपुढे धरा.

हार्मोनचं नाव काढलं की 'कॅन्सर होतो' ही भीती येते. तिचं मूळ २००२ मधलं. अमेरिकेत १६,६०८ बायकांवर चाललेला मोठा प्रयोग त्या वर्षी मधेच थांबवला गेला, कारण दोन हार्मोन एकत्र घेणाऱ्यांत दर १०,००० बायकांमागे वर्षाला स्तनाच्या कर्करोगाचे ८ रुग्ण जास्त दिसले आणि हृदयालाही फायदा दिसला नाही. मात्र त्या बायकांचं सरासरी वय ६३ होतं. पाळी जाऊन दहा-बारा वर्षं उलटलेल्या. पुढच्या विश्लेषणांत दिसलं की साठीच्या आत, पाळी गेल्यावर दहा वर्षांच्या आत सुरू केलेल्या हार्मोनचा हिशेब निराळा, बराच सौम्य असतो. निव्वळ हृदय वाचवायला म्हणून ते आजही देत नाहीत. वाफांनी झोप उडालेल्या बाईला जरूर देतात. स्तनाचा कर्करोग किंवा रक्ताची गुठळी झालेल्यांना सहसा नाही. मेडिकलमधून स्वतःच्या मनाने आणून खायची ही गोळी नव्हे.

निपाणीकडे तंबाखूचा धंदा पिढ्यान्‌पिढ्यांचा. विडी वळणाऱ्या आणि न वळणाऱ्याही कित्येक बायका सकाळी उठल्यावर मिश्री लावतात, पुन्हा दुपारी, पुन्हा झोपताना. "सिगारेट थोडीच ओढते" म्हणत तिला व्यसनात धरत नाहीत. पण तव्यावर भाजली तरी ती तंबाखूच. निकोटीन हिरडीतून थेट रक्तात जातं, नाडी आणि रक्तदाब चढवतं. ज्या वयात वाहिन्या आधीच ताठर होतायत, त्या वयात दिवसातून तीनदा हे करणं मला तरी सगळ्या खाण्यापिण्याच्या चुकांपेक्षा जड वाटतं.

खाण्यात आपलं ताट मुळात वाईट नाही. अथणी-चिक्कोडीकडची कडक भाकरी, खानापूरकडची नाचणी, हुलग्याची उसळ, जवसाची आणि कारळ्याची चटणी, शेवग्याचा पाला. यातलं काय कशाला उपयोगी ते समजून घ्यावं. पाळी गेल्यावर आयसीएमआरने (भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेने) सुचवलेलं कॅल्शियम आहे दिवसाला १२०० मिलिग्रॅम. शंभर ग्रॅम नाचणीत ते सुमारे ३६० असतं, म्हणजे साठेक ग्रॅम पिठाच्या एका भाकरीतून दोनशेच्या वर; कपभर दुधाच्या जवळपास. जवसात वनस्पतीजन्य ओमेगा-३ भरपूर आणि विरघळणारा तंतूही. तो तंतू आतड्यात पित्ताम्लं धरून ठेवतो, मग यकृताला नवी पित्ताम्लं बनवायला रक्तातलं कोलेस्टेरॉल ओढावं लागतं. पण अख्खा जवस तसाच बाहेर पडतो. भाजून कुटलेलाच अंगी लागतो. चटणी आधीच कुटलेली, हे बरंच झालं.

अडचण दोन ठिकाणी आहे. पहिली, ताटाची डावी बाजू. आंब्याचं लोणचं, ताकातली मिरची, पापड, ठेचा. चव तिथेच असते आणि मीठही. जागतिक आरोग्य संघटनेची मर्यादा दिवसाला ५ ग्रॅम, सपाट एक चमचा, तीही आमटी-भाजीतलं मीठ धरून. भारतात लोक त्याच्या जवळपास दुप्पट खातात. पापडात मिठाशिवाय पापडखारही असतो, तोही सोडियमचाच. लोणचं सोडा म्हणणारा माणूस आपल्याकडे टिकायचा नाही, पण लोणचं, पापड आणि मिरची तिन्ही एका वेळेला नकोत, एवढं जमतं. चटणीही घरी कुटताना मीठ हात राखून घातलं की झालं.

दुसरी अडचण, जेवायला शेवटी बसणं. सगळ्यांची पानं उठली की उरलेला भात आणि भांड्याच्या तळाची पातळ आमटी बाईच्या वाट्याला येते. उसळ पोरांनी संपवलेली असते. ५५ किलो वजनाच्या बाईला रोज साधारण ४६ ग्रॅम प्रथिनं हवीत. या वयात स्नायू झिजू लागतात, आणि साखर जाळण्याचं मोठं काम स्नायूच करतात. तीस ग्रॅम हुलग्याच्या वाटीभर उसळीतून सहा-सात ग्रॅम मिळतात, तेवढीच मोठ्या भाकरीतून. उसळीची एक वाटी आधीच काढून झाकून ठेवावी, त्यात लाजायचं काही नाही. आमच्याकडे पिकणारं सोयाबीन थेट गिरणीला जातं. त्यातलं थोडं घरी ठेवून भाजून भाकरीच्या पिठात दळलं तरी भर पडते. बेळगावचा गोड कुंदा सणाला खावा. रोज डबा उघडून चमचा चमचा नको.

तपासणी सोपी आहे. रक्तदाब, साखर आणि उपाशीपोटी लिपिड प्रोफाइल, म्हणजे रक्तातल्या कोलेस्टेरॉलची तपासणी. पहिल्या दोन गोष्टी प्राथमिक आरोग्य केंद्रात तिशीपुढच्या सगळ्यांच्या फुकट होतात. लिपिडसाठी तालुक्याला किंवा बेळगावच्या सिव्हिलला जावं लागलं, तर कर्नाटकात जून २०२३ पासून सरकारी साध्या बसला बायकांना तिकीट नाही. पाळी बंद होऊन बारा महिने झाल्यावर पुन्हा अंगावरून गेलं, थेंबभर का असेना, तर ते 'पाळी परत आली' समजू नका. लगेच दाखवा, त्यामागे गर्भाशयाचा कर्करोग असू शकतो.

आता छातीचं. सिनेमात हार्ट अटॅक म्हणजे पुरुष छाती धरून कोसळतो. बाईलाही छातीत दुखू शकतं, पण पुष्कळदा सोबत किंवा त्याऐवजी दम लागतो, जबड्यात, पाठीत, दोन्ही खांद्यांत दुखतं, मळमळतं, गार घाम येतो, चार पावलांत गळून जायला होतं. घरात निदान ठरलेलं असतं: पित्त. मग जिऱ्याचं पाणी, सोडा, 'जरा पड'. वाफा येणाऱ्या बाईचा घाम तर कुणी मनावरच घेत नाही. वाफ पाचेक मिनिटांत ओसरते; घाम, दम आणि दुखणं पंधरा मिनिटांनीही तसंच असेल तर १०८ ला फोन करावा, बसची वाट बघू नये. कर्नाटकात तालुका इस्पितळांतून पुनीत राजकुमार हृदय ज्योती योजना चालते. कन्नड नट पुनीत २०२१ मध्ये ४६ व्या वर्षी हृदय बंद पडून गेले, त्यांच्या नावाने. तिथे ईसीजी काढून जयदेव हृदयरोग संस्थेशी जोडलेल्या तज्ज्ञांना लगेच दाखवला जातो, आणि गुठळी विरघळवणारं टेनेक्टेप्लेज इंजेक्शन, जे बाहेर काही हजारांना पडतं, ते मोफत देतात. ते पहिल्या काही तासांतच नीट लागू पडतं. पाटी कन्नडमध्ये असेल. आत गेल्यावर "पित्त झालंय" न म्हणता "ईसीजी काढा" एवढंच सांगायचं.