हार्ड डिस्कवर टाकलं म्हणजे जपलं, असं नसतं हो

कुशावतीकाठच्या उसगाळीमळच्या जांभ्यावरच्या कोरीव चित्रांचा विषय निघाला की गोव्यात कोणीतरी म्हणतंच, आता सगळ्यांचे फोटो काढलेत, ड्राइव्हवर आहेत, टेन्शन नाही. ही समजूत चुकीची आहे.

फोटो कुठला, कोणी, कधी काढला, शेजारी स्केल ठेवलेली का, हे सोबत लिहिलेलं नसेल तर दहा वर्षांनी तो नुसता दगडाचा फोटो उरतो. नाव पण बघा ना, याच जागेला कोणी उसगाळीमळ म्हणतं कोणी पणसायमळ, मग कंप्युटरला कसं कळणार की दोन्ही एकच? त्यासाठी जागेला एक कायमचा नंबर लागतो आणि सगळ्यांनी तेच शब्द वापरावेत म्हणून शब्दांची सामायिक यादी लागते. काळाचं तर विचारूच नका, नुसतं लोहयुग लिहून भागत नाही, ते भारतात वेगळ्या काळी सुरू होतं, ब्रिटनमध्ये वेगळ्या.

दुसरा गैरसमज, डेटा सामायिक करायचा म्हणजे तो सगळा एकाच मोठ्या सर्व्हरवर ठेवायचा. नाही! युरोपात 2013 ला सुरू झालेल्या एरियाड्ने या पुरातत्त्वाच्या डेटा प्रकल्पाने वेगवेगळ्या देशांच्या संग्रहांची माहिती एका ठिकाणी शोधता येईल असं केलं, मूळ फायली ज्याच्या त्याच्याकडेच. ब्रिटनमध्ये आर्किओलॉजी डेटा सर्व्हिस ही पुरातत्त्वाच्या डिजिटल फायली जपणारी संस्था 1996 पासून आहे, तिथे जुन्या फॉरमॅटच्या फायली नव्यात बदलत राहतात, कंटाळवाणं काम आहे पण खरी जपणूक तीच.

आणि खोदकाम तर एकदाच होतं, थर उकरला की गेला, मागे राहते ती फक्त नोंद.