नागपूर की माटुंगा? केमिकलचा ऑप्शन फॉर्म भरण्याआधी

केमिकल इंजिनीअरिंग करायचं ठरलं की आपल्याकडच्या पोरांपुढे दोनच नावं येतात. एक नागपूरचं लक्ष्मीनारायण, म्हणजे एलआयटी, आणि दुसरं माटुंग्याचं आयसीटी, ज्याला जुने मास्तर अजून यूडीसीटीच म्हणतात. कोणतं भारी यावर घरी महिनाभर खल होतो. जागा मात्र जाते ती कागदापायी, नाहीतर ऑप्शनच्या क्रमापायी.

दोन्हींसाठी वेगळा अर्ज नाही. राज्याच्या सीईटी सेलच्या कॅप, म्हणजे केंद्रीय प्रवेश फेऱ्यांतूनच प्रवेश होतो. एमएचटी-सीईटी पीसीएम (फिजिक्स, केमिस्ट्री, मॅथ्स) गटातून दिलेली हवी आणि बारावीला या विषयांत मिळून 45 टक्के हवेत. राज्यातल्या राखीव प्रवर्गाला 40 चालतात. आयसीटीच्या 30 टक्के जागा देशपातळीवर जेईई मेनवर भरतात, उरलेल्या राज्याच्या. एलआयटी 2023 पासून स्वतंत्र विद्यापीठ आहे, त्यामुळे आता प्रवेश घेणाऱ्याच्या पदवीवर नागपूर विद्यापीठाचं नाव नसेल. घाबरू नका, संस्था 1942 चीच आहे.

आता ऑप्शन फॉर्म, म्हणजे कॉलेज-शाखा पसंतीच्या क्रमाने भरायचा फॉर्म. दोन्हीकडे 'केमिकल इंजिनीअरिंग' वेगळं आणि फूड, ऑइल, पॉलिमर वगैरे टेक्नॉलॉजीच्या शाखा वेगळ्या. प्रत्येकीचा चॉइस कोड निराळा असतो. नुसतं संस्थेचं नाव पाहून कोड टाकणारे मी दरवर्षी पाहतो, मग पोरगा फूडला लागतो आणि बाप विचारतो, 'हे कसं झालं जी?'

त्याहून मोठी फसगत ऑटो फ्रीजची. पहिल्या फेरीत पहिल्या क्रमांकाचा पर्याय लागला की तो गोठतो. 2025 च्या नियमांत दुसऱ्या फेरीत पहिले तीन आणि तिसऱ्या फेरीत पहिले सहा पर्याय असेच गोठत होते. म्हणजे दुसऱ्या फेरीत माटुंगा एक नंबरला, एलआयटी दोन नंबरला ठेवलं आणि एलआयटी लागलं, तर माटुंग्याचा विषय संपला. 'पुढच्या फेरीत पाहू' चालत नाही. यंदाच्या माहितीपुस्तिकेत हा आकडा स्वतः वाचा, मामाच्या पोराला विचारू नका.

आणि कागद. नॉन-क्रीमी लेयर प्रमाणपत्र 31 मार्चला संपतं, आणि लागतं ते प्रवेशाच्या वर्षानंतरच्या 31 मार्चपर्यंतचं. 'मागच्याच वर्षी काढलं' म्हणून लोक जुनंच अपलोड करतात. शेतीचं उत्पन्न आणि पगार क्रीमी लेयरच्या हिशोबात धरत नाहीत, हे सेतूवाल्यालाही कधीकधी आपणच सांगावं लागतं.

खरा काटा जात वैधता प्रमाणपत्राचा. ओबीसीला 1967 पूर्वीचा पुरावा लागतो, भटक्या-विमुक्तांना 1961 पूर्वीचा, एससी-एसटीला 1950 पूर्वीचा. तो घरात कोणाकडेच नसतो. आजोबांच्या शाळेतला दाखल-खारीजचा उतारा, नाहीतर तहसीलच्या अभिलेख कक्षातली कोतवाल बुकाची (गावच्या जुन्या जन्म-मृत्यू नोंदवहीची) नक्कल, यांवर सगळी भिस्त. मागे एका पोरीच्या पणज्याचं नाव कोतवाल बुकात 'नथ्थू', दाखल-खारीजात 'नथुजी'. एवढ्यावरून त्रुटी निघाली, प्रतिज्ञापत्र झालं, आणि तिच्या बापाच्या ऐन पेरणीत तालुक्याला चार चकरा झाल्या. साहेब तीनदा मीटिंगला होते. म्हणून हा अर्ज अकरावीतच टाका, कॉलेजच्या शिक्क्यासह. कॅपच्या नोंदणीला या अर्जाची पावती चालते, पण मूळ प्रमाणपत्र दिलेल्या तारखेच्या आत आलं नाही तर तुम्ही थेट खुल्या प्रवर्गात.

खर्चाचं म्हणाल तर उत्पन्नाचा दाखला तहसीलदाराचाच लागतो, तलाठ्याचा चालत नाही. वर्षाला आठ लाखांच्या आत असाल तर महाडीबीटी या सरकारी पोर्टलवर शुल्काची सवलत आहे. याच मर्यादेतल्या ओबीसी, एसईबीसी आणि ईडब्ल्यूएस मुलींना 2024-25 पासून शिक्षण शुल्क पूर्ण माफ आहे. खोली आणि मेस यात येत नाही, आणि मुंबईत खरा पैसा तिथेच जातो.

जागा स्वीकारायचे हजार रुपये ऑनलाइन भरता येतात, पण प्रवेश पक्का करायला मूळ कागद घेऊन स्वतः जावं लागतं आणि हाताशी मोजके दिवस असतात. त्या दिवसांत विदर्भ एक्स्प्रेसचं तिकीट मिळेल या भरवशावर राहू नका. आणि 'सेफ्टी' म्हणून तालुक्याच्या कॉलेजात बीएस्सीला मूळ टीसी जमा करून ठेवली असेल, तर ती यादी लागायच्या आधीच लेखी अर्ज देऊन सोडवून आणा. नेमका त्याच आठवड्यात तिथला बाबू रजेवर असतो.